क्लाउनफिशची जोडी अ‍ॅनिमोनकडे फिरकत नाही. तिला तिकडे कसे वळवावे?

प्रश्न : निळीटाकी

नमस्कार. माझ्याकडे सुमारे ३०० लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ती वर्षाहून अधिक काळ विनातक्रार चालू असून तिच्यात बंदिस्त पैदाशीची ऑसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी आहे. काही आठवड्यांपूर्वी मी तिच्यात, क्लाउनफिश निसर्गात ज्या दंश करणाऱ्या समुद्री प्राण्याच्या स्पर्शिकांमध्ये राहतो, तो एक अ‍ॅनिमोन सोडला. विक्रेत्याने तो केवळ 'लांब स्पर्शिकांचा अ‍ॅनिमोन' म्हणून दिला, त्यापलीकडे नाव सांगितले नाही. त्याच्या स्पर्शिका जाडसर, तपकिरी आणि टोकांशी जांभळट आहेत. सुरुवातीला तो जरा भटकला, परंतु आता एका खडकावर घट्ट बसला आहे, दिवसा पूर्ण फुलतो आणि कोळंबीचा बारीक तुकडा दिला तर लगेच तोंडाकडे ओढून घेतो.

तापमान २६ अंश सेल्सियस, विशिष्ट घनता १.०२५, क्षारता ८.५ डीकेएच (क्षारतेचे एकक) आणि नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास असते. अमोनिया व नायट्राइट शून्य आहेत.

अडचण अशी की मासे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दिवसभर ते काचेजवळ घुटमळतात आणि रात्री वरच्या कोपऱ्यात, प्रवाहाच्या पंपाखाली, एकमेकांना खेटून झोपतात. मादी एकदा अ‍ॅनिमोनच्या अगदी जवळून गेली आणि एका स्पर्शिकेचा ओझरता स्पर्श होताच झटका बसावा तशी मागे फिरली. त्यानंतर ती त्या बाजूला गेलेली दिसली नाही. टाकीच्या काचेवर बाहेरून अ‍ॅनिमोनचे चित्र चिकटवावे, दोन्ही माशांना त्याच्यासोबत जाळीच्या पेटीत ठेवावे किंवा अ‍ॅनिमोनमध्ये राहण्याची सवय असलेला आणखी एक क्लाउनफिश आणावा, असे तीन सल्ले मला मिळाले आहेत. यांपैकी काय करावे आणि काय टाळावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : संथभरती

तुमच्या जोडीला अ‍ॅनिमोनमध्ये शिरण्याची निकड वाटत नसावी, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. समुद्रात क्लाउनफिश अ‍ॅनिमोनपासून दूर गेला की फार काळ टिकत नाही, कारण तो वेगवान पोहणारा मासा नाही आणि मोठ्या माशांच्या तोंडी सहज लागतो. तुमच्या टाकीत त्याला खाणारे कोणी नाही, अन्न वेळेवर मिळते आणि झोपायला एक सुरक्षित कोपरा सापडलेला आहे. ज्या भीतीमुळे तो अ‍ॅनिमोनच्या आश्रयाला जातो, ती भीतीच येथे शिल्लक राहिलेली नाही.

दुसरे कारण वासाचे आहे. निसर्गात मादी आपल्या अ‍ॅनिमोनच्या पायथ्यालगतच्या खडकावर अंडी घालते आणि स्पर्शिका त्या अंड्यांवरून अधूनमधून फिरत राहतात. आठवड्या-दीड आठवड्यात पिल्ले बाहेर पडून उघड्या पाण्यात वाहत जातात, साधारण दहा-पंधरा दिवस तेथे वाढतात आणि मग खडकाकडे परतताना योग्य अ‍ॅनिमोन प्रामुख्याने वासाच्या आधारे शोधतात. अंड्यात असतानाच आसपासच्या अ‍ॅनिमोनचा वास त्यांच्या ओळखीचा होतो, असे प्रयोगांतून दिसून आलेले आहे. पैदास केंद्रातील पिल्ले मात्र बहुधा एखाद्या फरशीच्या तुकड्यावर किंवा मातीच्या कुंडीवर घातलेल्या अंड्यांतून जन्माला येतात, त्यामुळे त्यांना हा वास परिचित नसतो. म्हणून त्यांची उपजत ओढ नाहीशी होते असे नाही. ती जागी व्हायला वेळ लागतो इतकेच.

मादी झटका बसल्यासारखी मागे फिरली, हे तुम्ही नेमके टिपले आहे. क्लाउनफिशला जन्मतःच प्रत्येक अ‍ॅनिमोनपासून पूर्ण संरक्षण असते, असा समज सर्वत्र आढळतो, परंतु प्रत्यक्षात सवय होण्याचा एक टप्पा असतो. मासा प्रथम शेपटीचा किंवा पोटाखालच्या परांचा हलका स्पर्श करतो, दंश होताच मागे सरतो, पुन्हा येतो, एखादी स्पर्शिका तोंडात धरून सोडतो आणि हळूहळू अंगाचा अधिकाधिक भाग आत घालू लागतो. काही माशांत हे काही मिनिटांत आटोपते, काहींत अनेक तास किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. डॅव्हनपोर्ट आणि नॉरिस या संशोधकांनी १९५८ साली या सवयीचे पद्धतशीर वर्णन केले होते. अ‍ॅनिमोनपासून काही काळ वेगळा ठेवलेला मासा परत सोडला, तर त्याला ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हेही त्यांनी नोंदवले. माशाच्या अंगावरील श्लेष्माचा थर हा या संरक्षणाचा गाभा आहे. त्या थरात सियालिक आम्लाचे प्रमाण इतर माशांच्या तुलनेने कमी आढळते आणि दंशपेशींना 'हे भक्ष्य आहे' असा इशारा देणाऱ्या घटकांपैकी ते एक मानले जाते. सगळी यंत्रणा अजून पूर्णपणे उलगडलेली नाही, परंतु सवय होण्यापूर्वी दंश बसू शकतो, एवढे आपल्या कामापुरते पक्के आहे.

तेव्हा पहिला सल्ला धीराचा. अ‍ॅनिमोन निरोगी असेल तर महिनोन्महिने काहीही न घडता एके सकाळी जोडी त्याच्यात बसलेली दिसणे, हे या छंदात नेहमीचेच आहे.

उत्तर : काठावरून

वरील प्रतिसाद माशाच्या बाजूने अगदी बरोबर आहे, पण मला शंका अ‍ॅनिमोनचीच येते आहे, आणि तिचे निरसन होईपर्यंत कोणतीही युक्ती करून पाहू नये असे माझे मत आहे.

समुद्री अ‍ॅनिमोनच्या हजाराहून अधिक जाती असल्या, तरी क्लाउनफिश ज्यांच्यात राहतात अशा जाती पारंपरिक वर्गीकरणानुसार अवघ्या दहा आहेत. त्यांतही प्रत्येक माशाची आवड वेगळी असते. क्लार्कीसारखा क्लाउनफिश या दहाही जातींमध्ये आढळतो, तर मरून क्लाउनफिश निसर्गात केवळ बबल टिप अ‍ॅनिमोनमध्येच राहतो. तुमच्या ऑसेलारिसचे नैसर्गिक यजमान तीन आहेत : मॅग्निफिका अ‍ॅनिमोन आणि कार्पेट अ‍ॅनिमोनच्या दोन जाती, म्हणजे जायगँटिया आणि मर्टेन्सी. बबल टिप त्यांच्या यादीत नाही, परंतु टाकीत ऑसेलारिस त्याचा स्वीकार बऱ्याचदा करतात, आणि घरगुती टाकीसाठी तोच सर्वांत व्यवहार्य असल्यामुळे बहुतेक जण तोच ठेवतात.

'लांब स्पर्शिकांचा' या नावाखाली बाजारात किमान दोन-तीन वेगळे प्राणी विकले जातात. त्यांतला एक म्हणजे कॉन्डिलॅक्टिस, जो कॅरिबियन समुद्र आणि लगतच्या अटलांटिकमधला रहिवासी आहे. क्लाउनफिश हिंदी आणि प्रशांत महासागरांत सापडतात, अटलांटिकमध्ये एकही जात नाही. त्यामुळे हे दोन प्राणी निसर्गात एकमेकांसमोर येतच नाहीत. जाड स्पर्शिका आणि जांभळी टोके हे वर्णन वाचताच मला कॉन्डिलॅक्टिस आठवला. परंतु एवढ्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही, कारण सेबी या नावाने विकल्या जाणाऱ्या क्रिस्पा अ‍ॅनिमोनच्या स्पर्शिकांनाही जांभळी टोके असतात आणि तो खरा यजमान आहे.

फरक खोडावरून कळतो. क्रिस्पाचे खोड चामड्यासारखे राठ असते आणि त्याच्या वरच्या भागावर बारीक, चिकट उंचवटे रांगेने दिसतात. त्यांना वाळूचे कण किंवा शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले असू शकतात. त्याच्या स्पर्शिका शेकड्यांनी असतात आणि दाट असतात. डोरीएन्सिस, म्हणजे खरा लांब स्पर्शिकांचा अ‍ॅनिमोन, आपला पाय वाळूत खोल रोवतो. त्याचे खोड खाली केशरी किंवा लालसर असून वरच्या बाजूला फिकट उंचवटे असतात आणि स्पर्शिका विरळ, पुष्कळदा पीळ पडलेल्या दिसतात. कॉन्डिलॅक्टिसचे खोड गुळगुळीत असते, स्पर्शिका फार तर शंभरेक आणि फुगीर असतात, आणि तो वाळूपेक्षा खडकाच्या खाचेत बसणे पसंत करतो. अ‍ॅनिमोन संध्याकाळी थोडा आकसला की विजेरीचा तिरपा झोत टाकून खोडाचा वरचा पट्टा पाहावा आणि कृपया येथे कळवावे.

निळीटाकी

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. खोड पूर्णपणे गुळगुळीत आहे, त्याचा रंग विटकरी आहे आणि त्यावर कोठेही उंचवटे नाहीत. स्पर्शिका मोजता येण्याइतक्या विरळ आहेत. शंभराहून जास्त नक्कीच नाहीत. पाय खडकाच्या खाचेत आहे, वाळूशी त्याचा संबंध नाही. तो कॉन्डिलॅक्टिसच असेल, तर मासे त्याच्याकडे कधीच जाणार नाहीत असे समजावे काय? पेटीचा उपाय तरी करून पाहण्यासारखा आहे काय?

उत्तर : काठावरून

मग तो कॉन्डिलॅक्टिसच आहे, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. कधीच जाणार नाहीत असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण बंदिस्त पैदाशीचे क्लाउनफिश कॉन्डिलॅक्टिसमध्ये राहू लागल्याची उदाहरणे आहेत. पण ती अपवादात्मक आहेत, आणि त्याच्या पुरेशा ताकदीच्या दंशामुळे लहान मासा सापडून खाल्ला गेल्याचेही प्रकार घडतात. म्हणूनच पेटीचा उपाय येथे अजिबात करू नये. मोकळ्या टाकीत दंश बसला की मासा मागे फिरतो, आणि ते मागे फिरणे हाच त्याचा बचाव असतो. पेटीत कोंडल्यावर तो बचावच आपण काढून घेतो. यजमान नसलेल्या अ‍ॅनिमोनसोबत, किंवा कोणत्याही कार्पेट अ‍ॅनिमोनसोबत, सवय नसलेल्या माशाला कोंडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

उत्तर : प्रवाहवेध

पेटीविषयी वर जे म्हटले आहे त्याच्याशी सहमत आहे. तरीही ही पद्धत सरसकट निषिद्ध आहे असा ग्रह होऊ नये म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही पुढे बबल टिप घेतलात तर तिचा विचार करावा लागेल.

पेटी वापरताना अ‍ॅनिमोनला हलवायचे नसते. तो ज्या खडकावर स्थिर झाला आहे त्यावर भरपूर छिद्रांची, रुंद आणि उंच अशी पारदर्शक टोपली पालथी ठेवायची आणि माशांना तिच्यात सोडायचे. टोपली इतकी प्रशस्त हवी की मासा स्पर्शिकांपासून दूर राहू इच्छित असेल तर त्याला तशी जागा राहील. जवळीक घडवायची असते, बळजबरी करायची नसते. आत पाणी खेळते राहायला हवे, नाहीतर प्राणवायू कमी पडतो आणि अ‍ॅनिमोन आकसून बसतो. काही तासांत किंवा एखाद्या दिवसात दोघांपैकी एकाने परांचा स्पर्श करायला सुरुवात केली तर ठीक. मासे एका कोपऱ्यात घाबरून निपचित राहिले किंवा वेगाने श्वास घेऊ लागले तर टोपली काढून घ्यावी. माझ्या मते हा शेवटचा उपाय आहे, आणि बहुतेकांवर त्याची वेळ येत नाही.

त्याआधी करण्यासारखी जी गोष्ट खरोखर फळते ती जागेची आहे. तुमचे मासे पंपाखालच्या कोपऱ्यात झोपतात, ही माहिती मला तुमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. क्लाउनफिश आपली झोपण्याची जागा हट्टाने धरून ठेवतो आणि तिच्याभोवतीचा हात-दोन हातांचा परिसर आपला मानतो. अ‍ॅनिमोन टाकीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तो माशाच्या दृष्टीने परक्या मुलखातच असतो. मात्र जिवंत अ‍ॅनिमोनला उपटून त्या कोपऱ्यात चिकटवणे शक्य नसते. तो आपली जागा प्रकाश, प्रवाह आणि पाय सुरक्षित रोवता येईल अशी खाच पाहून स्वतः निवडतो. म्हणून उलट बाजूने काम करावे. खोल खाच असलेला खडक माशांच्या कोपऱ्याजवळ आधी मांडावा, त्या जागी मध्यम पण एकाच दिशेने सतत न मारणारा प्रवाह आणि चांगला प्रकाश पोहोचेल असे पाहावे, आणि नवा अ‍ॅनिमोन थेट त्याच खाचेवर सोडावा. तो बसेपर्यंत पंप मंद ठेवावा. जागा त्याच्या मनासारखी असेल तर तो तेथेच राहतो.

तो कोपरा सोडणे माशांना अगदीच अवघड जात असेल, तर पंप थोडा सरकवूनही फरक पडतो. झोपेच्या जागी अचानक प्रवाह वाढला की जोडी रात्रीसाठी दुसरा आडोसा शोधू लागते. दिवसाढवळ्या ज्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही त्या अ‍ॅनिमोनची ओळख अशा वेळी, दिवे मालवल्यानंतर, होण्याची शक्यता बरीच असते.

अन्नाचाही उपयोग होतो. प्रवाह दहा मिनिटे बंद करून माशांचे अन्न अ‍ॅनिमोनच्या वरच्या पाण्यात हळूहळू सोडावे, म्हणजे खाण्याच्या नादात मासे स्पर्शिकांच्या जवळ वावरतात. टाकीत पाहण्यासारखी गोष्ट अशी की एकदा वस्ती झाली की मादी मोठा तुकडा स्वतः न खाता तोंडात धरून आणते आणि अ‍ॅनिमोनच्या मध्यभागी टाकते, कधी तो वाहून गेला तर पुन्हा उचलून आणते. परंतु वस्ती होण्यापूर्वी हेच मासे अ‍ॅनिमोनच्या तोंडातला घास पळवतात, तेव्हा त्याला भरवताना स्पर्शिका पूर्ण मिटेपर्यंत जवळ थांबावे.

चित्राविषयी एवढेच म्हणेन की चित्राला वास नसतो. दृष्टीचा काहीच भाग नसतो असे नाही, पण काचेबाहेरच्या कागदामुळे मासे अ‍ॅनिमोनमध्ये गेले, असे सांगणाऱ्यांच्या टाकीत ते कागदाशिवाय गेले नसते, हे सिद्ध करणे कठीण आहे. त्याने अपाय मात्र नाही, त्यामुळे हौस असेल तर चिकटवावे.

उत्तर : संथभरती

तिसरा क्लाउनफिश आणण्याच्या सल्ल्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो : आणू नये. क्लाउनफिशच्या गटात सर्वांत मोठी मादी, तिच्या खालोखाल प्रजननक्षम नर आणि उरलेले सगळे दुय्यम, अशी कडक उतरंड असते. मादी गेली तर नराचे रूपांतर मादीत होते आणि पुढचा मासा नराची जागा घेतो. तुमच्याकडे जोडी जमलेली आहे, म्हणजे ही उतरंड ठरून गेलेली आहे. मोठ्या अ‍ॅनिमोनवर समुद्रात दुय्यम मासे खपवून घेतले जातात, पण ३०० लिटरच्या टाकीत बाहेरून आलेल्या तिसऱ्या माशाचा पाठलाग तो मरेपर्यंत होण्याचा धोका असतो. एक मासा दुसऱ्याचे पाहून अ‍ॅनिमोनमध्ये जातो, हे मी नाकारत नाही. जोडीतला एक गेला की दुसरा लवकरच मागोमाग जातो. तो 'एक' तुमच्याच जोडीतला असावा.

वस्ती झाली नाही तर अ‍ॅनिमोनचे काही बिघडते का, असा प्रश्न पुढे येईलच म्हणून आधीच सांगतो. समुद्रात क्लाउनफिश आपल्या यजमानाला फुलपाखरू माशांसारख्या, स्पर्शिका कुरतडणाऱ्या शत्रूंपासून राखतात, रात्री त्यांच्या हालचालीमुळे त्याच्याभोवती पाणी खेळते राहते आणि त्यांच्या उत्सर्जनातला अमोनिया अ‍ॅनिमोनच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना खत म्हणून मिळतो. टाकीत शत्रू नसतात, प्रवाह पंपाचा असतो आणि पोषक द्रव्ये पाण्यातच असतात. त्यामुळे माशांवाचून अ‍ॅनिमोन आणि अ‍ॅनिमोनवाचून मासे, दोन्ही सुखाने जगतात. हे करायचे ते आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी, हे एकदा मान्य केले की घाई आपोआप कमी होते.

निळीटाकी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॉन्डिलॅक्टिस माझ्या एका परिचितांच्या टाकीत देण्याचे ठरवले आहे. त्यांच्याकडे क्लाउनफिश नाहीत. त्यानंतर बबल टिप आणावा असा विचार आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सध्याच्या अ‍ॅनिमोनचा पाय खडकाच्या खाचेत खोल आहे, तो न फाटता कसा सोडवावा? आणि नैसर्गिक यजमान म्हणून मॅग्निफिका घेणे अधिक योग्य ठरणार नाही काय?

उत्तर : काठावरून

मॅग्निफिकाचा मोह समजू शकतो, पण तो टाळावा. त्याला तीव्र प्रकाश आणि जोरदार प्रवाह लागतो, तो खडकाच्या सर्वांत उंच टोकावर किंवा थेट काचेवर जाऊन बसतो, पूर्ण वाढल्यावर अर्ध्या मीटरहून रुंद होऊ शकतो आणि पकडून आणलेल्यांपैकी पुष्कळसे टाकीत तग धरत नाहीत. तुमच्या आकाराच्या टाकीत त्याच्याशिवाय दुसरे काही ठेवता येणार नाही. बबल टिप टाकीत साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, स्वतःचे दोन भाग करून वाढतो आणि अशा विभाजनातून आलेली पिल्ले छंदी लोकांकडूनच मिळतात. समुद्रातून ओरबाडून आणलेल्यापेक्षा टाकीतच विभागलेला अ‍ॅनिमोन घ्यावा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

घेताना तोंड पाहावे. ते घट्ट मिटलेले असावे. सैल, उघडे किंवा बाहेर आलेले तोंड हे आजाराचे लक्षण आहे. पायाला चीर नसावी आणि स्पर्शिका चिकट असाव्यात. पांढराफटक अ‍ॅनिमोन सुंदर दिसला तरी त्याने आपली शैवाले गमावलेली असतात, आणि भडक पिवळा किंवा निळा दिसणारा कधी कधी रंगात बुडवलेलाही असतो. स्पर्शिकांना टोकाशी फुगे नसले तरी हरकत नाही. बबल टिपचे फुगे येतात आणि जातात, त्याचे एकच ठरावीक कारण कोणाला सांगता आलेले नाही. आकार मात्र पाहावा. ऑसेलारिसची मादी ८ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते, आणि तळहाताहून लहान अ‍ॅनिमोनमध्ये ती रात्रंदिवस घुसळत राहिली तर तो फुलायचेच सोडून देतो. लहानच मिळाला तर आधी काही महिने माशांपासून जाळीने वेगळा ठेवून वाढवावा.

उत्तर : प्रवाहवेध

पाय सोडवण्याबद्दल : शक्य असेल तर अ‍ॅनिमोन सोडवूच नये, तो ज्या खडकावर आहे तो खडकच परिचितांना द्यावा. खडक मोठा असून द्यायचा नसेल, तर तो अ‍ॅनिमोनसह एका पसरट भांड्यात टाकीच्याच पाण्यात ठेवावा आणि खाचेच्या मागच्या बाजूने खडकाला बर्फाचा तुकडा लावून धरावा. थंडाव्यामुळे पाय कडेने सुटू लागतो. सुटलेल्या कडेखाली बोटाचे पेर किंवा प्लास्टिकचे पातळ कार्ड हलकेच सरकवत जावे. नख लावू नये आणि वरून ओढू तर मुळीच नये. घाई केली तर पाय फाटतो, आणि फाटलेल्या पायाचा अ‍ॅनिमोन सडू लागला तर सगळ्या टाकीचे पाणी बिघडवतो. हातमोजे घालावेत, विशेषतः कातडी संवेदनशील असेल तर.

तो गेल्यावर लगेच दुसरा आणू नये. वेगवेगळ्या जातींचे अ‍ॅनिमोन एकमेकांविरुद्ध रसायने सोडतात, त्यामुळे मधल्या काळात थोडे पाणी बदलून सक्रिय कोळसा चालवावा. दोन जाती एकाच टाकीत ठेवण्याचा विचार तर करूच नये. नवा अ‍ॅनिमोन येण्यापूर्वी पंपांच्या तोंडांवर जाळी किंवा स्पंज बसवावा; नवखा अ‍ॅनिमोन रात्री फिरतो आणि उघड्या पंपात ओढला जातो, आणि या छंदात अ‍ॅनिमोन दगावण्याची ही सर्वांत टाळता येण्यासारखी पद्धत आहे. दिव्यांची तीव्रता पहिले एक-दोन आठवडे कमी ठेवून हळूहळू वाढवावी. बबल टिपला साधारण १५० ते ३०० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) इतका प्रकाश पुरतो. आठवड्यातून एक-दोनदा, वाटाण्याहून मोठा नाही असा तुकडा भरवावा. दुसऱ्या दिवशी तुकडा परत बाहेर टाकलेला दिसला, तर तो मोठा होता असे समजावे.

या टाकीत पूर्वी माशांच्या रोगासाठी तांबेयुक्त औषध कधी घातले होते का, हे मात्र कळवावे. खडक आणि वाळू तांबे शोषून ठेवतात, ते हळूहळू परत पाण्यात उतरते आणि अ‍ॅनिमोनला अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही.

निळीटाकी

तांब्याचे औषध या टाकीत कधीही घातलेले नाही. आजारी माशांसाठी वेगळी टाकी आहे. खडक लहान असल्यामुळे तो अ‍ॅनिमोनसकटच देणार आहे. पंपाखालच्या कोपऱ्याजवळ खाचेचा दुसरा खडक आजच मांडून ठेवतो, म्हणजे बबल टिप येईपर्यंत माशांनाही त्याची सवय होईल.

उत्तर : प्रवाहवेध

उत्तम. तो खडक मांडताना त्याची खाच मागच्या काचेकडे न वळवता समोरच्या बाजूला ठेवावी. अ‍ॅनिमोन खडकामागे जाऊन बसला की त्याला भरवताही येत नाही आणि पाहताही येत नाही, आणि एकदा तो तेथे रमला की पुन्हा बर्फाचा खटाटोप आलाच.